जिवंत प्रवाळ कुरिअरनं पाठवताना: फ्रॅग तयार करण्यापासून नव्या टाकीत उतरवेपर्यंत

दगडी प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. उजेडात ती अन्न आणि ऑक्सिजन तयार करतात आणि प्रवाळ त्यावर जगतं. खोका बंद झाला की अंधार होतो आणि शैवालांचं हे काम थांबतं, पण श्वसन दोघांचंही चालू राहतं. पिशवीतला ऑक्सिजन घटत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्याचा पीएच उतरतो, अमोनिया साचतो. त्रास झालेलं प्रवाळ बुळबुळीत स्राव सोडतं. त्या स्रावावर जिवाणू पोसतात आणि उरलासुरला ऑक्सिजन तेच संपवतात. हे सगळं किती वेगानं घडेल, ते तापमानावर ठरतं. पाणी दहा अंशांनी तापलं तर श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो.

म्हणजे प्रवासाला किती तास लागले यापेक्षा ते तास कुठल्या तापमानात आणि कसल्या पाण्यात गेले, याला जास्त महत्त्व आहे. नीट भरलेल्या पिशवीतलं निरोगी प्रवाळ ३६ तासांनीही तग धरतं. कालच कापलेला तुकडा गार पडलेल्या ट्रकमध्ये एका रात्रीत जातो.

आधी कायदा

भारतात सर्व दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळं आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. २००१ पासून त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या बुडालेल्या पठारावरून साधा तुकडा उचलणं, तो बाळगणं, विकणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीजवळची प्रवाळं २०२० मध्ये हलवली गेली, तेव्हाही आधी वन्यजीव विभागाची परवानगी घ्यावी लागली आणि ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलं. पुण्यात किंवा पणजीत घरी खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी असलेल्यांनी ‘एक फ्रॅग (मोठ्या प्रवाळापासून कापलेला छोटा तुकडा) पाठवतो’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून लांबच राहावं.

हे मार्गदर्शन आहे ते जिथे टाकीत वाढवलेली प्रवाळं कायद्यानं विकत घेता येतात, अशा देशांतल्या मराठी हौशी लोकांसाठी. उदाहरण घेतलं आहे अमेरिकेतल्या एका रात्रीत पोहोचणाऱ्या पार्सलचं, कारण घरगुती फ्रॅगची देवाणघेवाण तिथे भरपूर चालते. देशाची सीमा ओलांडायची असेल तर गोष्ट पूर्ण बदलते: सगळी दगडी प्रवाळं सायटीस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत. निर्यात करणाऱ्या देशाचा परवाना लागतो, शिवाय विमानासाठी आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे जिवंत प्राण्यांचे नियम पाळावे लागतात. ‘सुटकेसमध्ये एक छोटा तुकडा’ हा मार्ग मनातही आणू नका.

दोन आठवडे आधी

तुकडा कापून प्लगवर (खाली दांडा असलेल्या छोट्या बैठकीवर) चिकटवल्यावर १० ते १४ दिवस त्याच टाकीत राहू द्या. कापलेल्या कडेवरची कातडी बंद होऊन तळाशी प्लगवर पसरायला लागली, की तुकडा प्रवासाला तयार झाला. अॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळात ही पसरण पांढुरक्या किंवा फिक्या कडेसारखी दिसते. उघडी जखम घेऊन निघालेला तुकडा सतत स्राव सोडतो, पिशवीतलं पाणी त्यानंच नासतं आणि जखमेतून जिवाणू आत शिरतात.

चिकटवायला घट्ट जेलसारखा सायनोअॅक्रिलेट डिंक वापरा. नुसता पातळ सुपरग्लू पाण्यात ठिसूळ होतो आणि हादऱ्यानं सुटतो. निघण्याच्या दोन दिवस आधी प्लग दोन बोटांत धरून फ्रॅग अलगद हलवून पाहा. जरा जरी हलला तरी पुन्हा चिकटवा. पिशवीत सुटलेला तुकडा गोट्यासारखा आपटत राहतो आणि तेवढ्यानं त्याची अर्धी कातडी निघते.

प्लगची खालची बाजूही तपासा. तिथे वाढलेला स्पंज, लोंबणारं शेवाळ, किडे आणि ऐप्टेशिया (टाकीत तणासारखं पसरणारं समुद्रफूल) खरवडून काढा. स्पंजाकडे विशेष लक्ष द्या. तो पिशवीत सर्वांत आधी मरतो आणि त्याच्या कुजण्यानं उत्तम प्रवाळ संपतं. कीडनाशक डिप (औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं) द्यायचा असेल तर तो आठवडाभर आधी द्या, निघायच्या दिवशी नको. डिपनं प्रवाळ चिडतं आणि त्या स्थितीत पिशवीत गेलं तर स्राव दुप्पट होतो.

जाड गराच्या प्रवाळांना, म्हणजे टॉर्च, हॅमर, अकॅन, ट्रॅकिफिलिया यांना ४८ तास आधीपासून खाऊ घालू नका. पोटातलं अर्धवट पचलेलं अन्न पिशवीत बाहेर आलं की अमोनिया झपाट्यानं वाढतो. टाकीची क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) अलीकडे वरखाली झाली असेल, दिवे नुकतेच बदलले असतील किंवा प्रवाळाचा रंग उतरला असेल, तर पाठवणं पुढे ढकला. ग्राहक घाई करत असला तरी.

पाणी

टाकीतलं पाणी वापरावं की ताजं, यावर लोक भांडतात. टाकीच्या पाण्यात जिवाणू आणि सेंद्रिय कचरा आधीच असतो, त्यामुळे बंद पिशवीत ते लवकर नासतं. म्हणून आरओ-डीआय (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्यात मत्स्यटाकीचं मीठ विरघळवून २४ तास पंपानं ढवळलेलं ताजं पाणी आम्हाला अधिक भरवशाचं वाटतं. अट एकच, ते टाकीशी जुळलं पाहिजे: क्षारमान, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस आणि क्षारता टाकीच्या आकड्यापासून १ डीकेएचच्या (क्षारता मोजायच्या एककाच्या) आत. नुकतंच कालवलेलं, गढूळ पाणी वापरू नका. त्यातलं मीठ पूर्ण विरघळलेलं नसतं आणि त्यानं गर भाजल्यासारखा आकसतो.

अमोनिया बांधणारी रसायनं एका रात्रीच्या प्रवासाला लागत नाहीत. त्याऐवजी पाणी थोडं वाढवा.

पिशवी: कोणत्या प्रवाळाला किती

पिशवी जाड पॉलिथिनची घ्या, ७५ ते १०० मायक्रॉनची. किराणा दुकानातल्या पातळ पिशव्या खाऱ्या पाण्याच्या वजनानं शिवणीवर सुटतात. प्रत्येक फ्रॅगला दोन पिशव्या: आतली नीट बांधायची आणि बाहेरच्या पिशवीत उलटी घालायची, म्हणजे आतली गाठ बाहेरच्या पिशवीच्या तळाशी जाते. असं केलं की तळाचे दोन्ही कोपरे गोल होतात आणि कोपऱ्यात प्रवाळ चेमटत नाही. गाठीऐवजी रबर लावायचं असेल तर पिशवीचं तोंड पिळून, दुमडून, दोन रबरं लावा. एका पिशवीत एकच फ्रॅग, मग तो केवढाही छोटा असो.

आता प्रत्येक जातीचं वेगळं.

काटेरी फांद्यांची, लहान गराची प्रवाळं, म्हणजे अॅक्रोपोरा, माँटिपोरा, पोसिलोपोरा: अडीच सेंटीमीटरच्या फ्रॅगला १५० ते २०० मिली पाणी. यांची भीती असते ती टोकं पिशवीला भोक पाडण्याची आणि टोकांची कातडी घासली जाण्याची. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे थर्माकोलची चकती. सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाचा थर्माकोलचा तुकडा कापा, मधे प्लगच्या दांड्याएवढं भोक पाडा, दांडा त्यात घट्ट खोचा आणि रबरानं आवळा. पिशवीत चकती तरंगते आणि प्रवाळ उलटं, मोकळ्या पाण्यात लोंबकळतं. खोका कसाही फिरला तरी चकती वर येते आणि टोकं भिंतीला लागत नाहीत. चकतीला धारदार कडा ठेवू नका, त्या पॉलिश पेपरनं घासून घ्या.

टॉर्च आणि हॅमर यांत नुकसान होतं ते गर आणि सांगाड्याची धार यांच्यामध्ये. फुगलेली शिंगं, म्हणजे गराची बोटांसारखी मऊ टोकं, बाहेर असताना पिशवीत टाकलं, की हादऱ्यानं गर सांगाड्याच्या कडेवर चिरतो. आणि चिरलेल्या जागी पुढे तपकिरी जेली (गर नासवणारा रोग) सुरू होते. म्हणून पॅकिंगच्या तासभर आधी दिवे बंद करा, मग पाण्यातच फ्रॅग अलगद हलवत राहा, शिंगं पूर्ण आत गेली की पाण्याबाहेर न काढता थेट पिशवीत सरकवा. एका डोक्याला ३५० ते ५०० मिली पाणी द्या. जास्त पाणी म्हणजे वजन आणि खर्च हे खरं, पण टॉर्चचं एक डोकं मेलं तर तो खर्च कितीतरी मोठा पडतो.

गोनिओपोरा आणि ट्रॅकिफिलिया यांना अर्ध्या लिटरच्या पारदर्शक, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवून तो डबा पिशवीत घाला. ट्रॅकिफिलियाचा सांगाडा खालून धारदार असतो. डब्यानं पिशवी वाचते आणि गरही दबत नाही. झाकणाला चार बारीक भोकं पाडा.

झोआंथिड आणि मशरूम काटक असतात, १०० ते १५० मिली पाणी पुरतं. पण झोआंथिड आणि पॅलिथोआ हाताळताना नायट्राइलचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालाच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. हाताला चीर असेल, किंवा कापताना रस डोळ्यात उडाला, तर परिणाम गंभीर होऊ शकतात. प्लग उकळत्या पाण्यात टाकून साफ करायचा प्रकार तर कधीच करू नका, ती वाफ श्वासात जाते.

लेदर कोरल हे मऊ प्रवाळ त्रास झाला की स्वतःची रसायनं पाण्यात सोडतं. मेणचट पापुद्रा सोडत असेल तर ते होईस्तोवर थांबा, आणि एरवीही त्याला भरपूर पाणी द्या. झेनिया हे दुसरं मऊ प्रवाळ पाठवणं आम्ही टाळतो. ती वाटेत विरघळते, आणि ती विरघळली की पाणी दुर्गंधीनं भरतं.

हवा किती, ऑक्सिजन कधी

एका रात्रीच्या प्रवासाला साधी, स्वच्छ हवा पुरते: एक भाग पाणी आणि दोन भाग हवा. तोंडानं फुंकून पिशवी फुगवू नका, उच्छ्वासात साधारण ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो आणि तो पहिल्या मिनिटापासून पीएच खाली खेचतो. पिशवी हवेत एकदा झटकून तोंड पिळलं की पुरेशी हवा आत येते. पंपही चालतो.

३६ ते ४८ तासांचा प्रवास असेल, किंवा गरदार मोठी प्रवाळं असतील, तर शुद्ध ऑक्सिजन भरा. काटक, लहान फ्रॅगला सरसकट शुद्ध ऑक्सिजन देण्यात फायदा नाही.

पिशवी ढोलासारखी ताणून फुगवण्याची चूक फार होते. विमानाच्या मालकक्षातला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या पाऊण पट. हवा तेव्हा साधारण एक तृतीयांशानं पसरते आणि कडक फुगवलेल्या पिशवीची शिवण सुटते. बोटानं दाबल्यावर पिशवी अर्धा इंच दबली पाहिजे.

खोका

इथे कंजूषी करू नका. बाहेर जाड पुठ्ठ्याचा खोका, आत अडीच ते चार सेंटीमीटर जाडीचा थर्माकोलचा डबा, आणि डब्याच्या आत एक मोठी जाड पिशवी अस्तर म्हणून. एखादी पिशवी फुटली तर पाणी अस्तरातच राहतं. पुठ्ठा भिजला की खोका ढासळतो आणि कुरिअरवाले गळणारं पार्सल वाटेतच अडवून ठेवतात. आतल्या बाजूनं ३०×२०×२० सेंटीमीटरच्या डब्यात छोट्या फ्रॅगच्या ८ ते १० पिशव्या बसतात. मधल्या सगळ्या फटी चुरगळलेल्या वर्तमानपत्रानं भरा. झाकण लावून डबा हलवल्यावर काहीही हललेलं जाणवता कामा नये.

पाणी स्वतः उष्णता धरून ठेवतं. दोन लिटर पाण्याचा खोका हळू गार होतो, पण एकच छोटी पिशवी असलेला खोका तासाभरात गारठतो. एकच फ्रॅग पाठवायचा असेल तर २६ अंशांच्या साध्या पाण्याच्या दोन-तीन जादा पिशव्या सोबत भरा. यासारखा स्वस्त विमा दुसरा नाही.

प्रवाळासाठी २४ ते २६ अंश उत्तम. २० च्या खाली काही तास राहिलं तर अॅक्रोपोरा आणि गोनिओपोरा कोलमडतात, आणि ३० च्या वर शैवालं सोडून देऊन प्रवाळ पांढरं पडू लागतं. थोडं गार चालतं, पण थोडं गरम चालत नाही, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि खर्च मात्र जास्त होतो.

रात्री बाहेर १५ अंशांच्या खाली जात असेल तर उष्णतेचा पॅक घाला. एका रात्रीच्या पार्सललाही ७२ तासांचा पॅक बरा. तो ४० तासांच्या पॅकपेक्षा मंद तापतो आणि पार्सल एक दिवस अडकलं तरी साथ देतो. पॅक बंद पाकिटातून काढून पाऊण-एक तास मोकळ्या हवेत ठेवा, गरम झालेला हाताला कळला की मगच वापरा. आत लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या ऑक्सिजननं गंजते तेव्हा उष्णता निघते. म्हणजे हवाबंद डब्यात पॅक विझतो. थर्माकोलच्या झाकणात पेन्सिलीएवढी दोन भोकं पाडा. पॅक वर्तमानपत्राच्या दोन थरांत गुंडाळून झाकणाच्या आतल्या बाजूला टेपनं लावा, अस्तराच्या पिशवीबाहेर. पिशव्यांना टेकला तर त्याखालचं पाणी शिजतं. अस्तराच्या आत, फुटलेल्या पिशवीतून शुद्ध ऑक्सिजन सुटला तर पॅक बेफाम तापतो, म्हणूनही तो बाहेरच हवा.

दुपारचं तापमान ३० च्या वर असेल तर थंड जेल पॅक. गोठवलेला नव्हे, फ्रिजच्या खालच्या कप्प्यातला, आणि तोही वर्तमानपत्राच्या चार थरांत. बर्फ घातलेल्या खोक्यात एका कोपऱ्यात १५ अंश आणि दुसऱ्या कोपऱ्यात २८ असं होतं. बाहेर पारा ३८ च्या वर किंवा उणे ५ च्या खाली असेल तर त्या आठवड्यात पाठवूच नका.

पहिल्यांदा पाठवणाऱ्यांनी एक रंगीत तालीम करावी: तोच खोका, तेवढंच पाणी भरलेल्या, पण प्रवाळ नसलेल्या पिशव्या, आत किमान-कमाल नोंदवणारा तापमापक, आणि रात्रभर अंगणात. सकाळी आकडे बघून पॅक वाढवायचा की कमी करायचा ते ठरतं.

खोक्यावर ‘वरची बाजू’चे बाण आणि ‘जिवंत सागरी प्राणी’ अशी चिठ्ठी लावा, पण त्यावर विसंबू नका. सरकपट्ट्यावर खोका उलटा पडणार, हे धरूनच आतली मांडणी करा. कोणती कुरिअर सेवा जिवंत प्राणी घेते, ते आधी त्यांना विचारून घ्या.

वेळ

सोमवार ते बुधवार एवढेच दिवस पाठवण्याचे. गुरुवारी निघालेलं पार्सल एक दिवस चुकलं तर शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं. पिशव्या सकाळी भरून ठेवू नका. पार्सल घेणारा संध्याकाळी ६ ला येणार असेल तर दुपारी ४ नंतर भरायला घ्या. या तासांची बचत पुढे कामाला येते.

हवामान तीन ठिकाणचं बघा: आपलं, पोहोचायच्या गावाचं आणि मधल्या केंद्राचं. डॅलसहून न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेलं फेडेक्सचं पार्सल मेम्फिसमार्गे जाऊ शकतं, यूपीएसचं लुईव्हिलमार्गे. दोन्ही टोकांना हवा छान आणि मधे बर्फाचं वादळ, अशा वेळी विमानंच उतरत नाहीत. घेणाऱ्याला जवळच्या कुरिअर केंद्रावरून सकाळीच पार्सल उचलायला सांगा. दारापर्यंत येणारा ट्रक दुपारपर्यंत उन्हात फिरत असतो.

पोहोचल्यावर

घेणाऱ्याला ही माहिती पार्सल निघायच्या आधी पाठवा, कारण बरंच नुकसान इथे होतं.

खोका मंद उजेडात उघडा. दिवसभर अंधारात असलेल्या प्रवाळावर एकदम टाकीचा प्रखर दिवा आला तर शैवालं भाजतात. प्रत्येक पिशवीचा फोटो काढा, एकीतलं पाणी तापमापकानं मोजून लगेच लिहून ठेवा. बंद पिशव्या २० मिनिटं टाकीत तरंगू द्या, दिवा बंदच.

मग पिशवी उघडा, आणि इथून पुढे घाई करा. थेंब थेंब टाकत तासभर सरावणं माशांसाठी ठीक असेल, प्रवासाच्या पिशवीसाठी नाही. पिशवीत पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया बहुतांश निरुपद्रवी अमोनियम रूपात असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्षारमान रिफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या उपकरणानं मोजा. विशिष्ट गुरुत्वातला फरक ०.००२ च्या आत असेल तर फ्रॅग थेट टाकीच्या तापमानाच्या डिपच्या भांड्यात न्या. फरक जास्त असेल तर टाकीचं पाणी तीन वेळा, पाच-पाच मिनिटांनी मिसळा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

डिप उत्पादकानं दिलेल्या मात्रेतच, ५ ते १० मिनिटं. ड्रॉपरनं फ्रॅगवर फवारे मारत राहा, चपटे किडे सुटून पडतात. अंडी मात्र डिपनं मरत नाहीत. अॅक्रोपोराच्या तळाशी भिंगातून बघा, तपकिरी चकत्यांचे पुंजके दिसले तर चिमट्यानं खरवडा. जुना प्लग शक्य तर काढूनच टाका. डिपनंतर स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुवून फ्रॅग वेगळ्या टाकीत ठेवा, चार ते सहा आठवडे.

पहिले तीन-चार दिवस तळाशी, ५० ते ८० पार (शैवालांना उपयोगी उजेडाचं माप) उजेडात. नंतर दोन आठवड्यांत हळूहळू नेहमीच्या जागी. मध्यम प्रवाह हवा, म्हणजे स्राव वाहून जातो. खाणं दोन दिवसांनी.

खुणा वाचणं

पाणी गढूळ आणि कुजका वास: तुकडा मेला आहे, किंवा प्लगवरचं काहीतरी मेलं आहे. सांगाडा पांढरा आणि गर तुकड्यातुकड्यांनी तरंगतोय, तर तो टाकीपासून लांब ठेवा. गर शाबूत पण मिटलेला, रंग ठीक: दोन-तीन दिवस काहीही करू नका, उचलून बघणंही नको. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग फिका होत चालला तर पाणी वाटेत तापलं होतं, उजेड आणखी कमी करा. अॅक्रोपोरात तळापासून कातडी तासातासाला सोलत वर चढतेय, तर निरोगी टोक सोलण्याच्या रेषेच्या सेंटीमीटरभर वर कापून वेगळं चिकटवा. उरलेला भाग वाचत नाही. टॉर्चवर तपकिरी जेली दिसली तर ती नळीनं ओढून बाहेर काढा, डोकं वेगळ्या भांड्यात हलवा, शेजारची डोकी रोज बघा.

मेलेल्या फ्रॅगचा फोटो पाठवणाऱ्याला त्याच दिवशी द्या, पिशवीच्या तापमानाच्या आकड्यासह. १८ अंश लिहून आलं तर पुढच्या खोक्यात पॅक वाढतो, २५ अंश आणि गढूळ पाणी आलं तर पिशवीतलं पाणी वाढतं.